पाणी खोल गेले, इंजिन काठावर राहिले
प्रस्तावना

जुनी इंजिने पुन्हा चालू करण्याविषयी जगात पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे होडीच्या मोटारींवर आहे. कुणाला आजोबांच्या काळातली लाकडी होडी हाती लागते. तो तिच्या कुजलेल्या फळ्या बदलतो, सांधे भरतो, वार्निशचे हात देतो आणि मग तिच्या मागच्या फळीला टांगायला तिच्याच वयाची आउटबोर्ड मोटार शोधत फिरतो. नवी मोटार बाजारात मिळते, ती लावली तरी होडी चालते. पण त्याचे समाधान होत नाही. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत विकायला काढलेली मोटार दीड अश्वशक्तीची होती आणि वजनाला सुमारे २८ किलो भरायची. तिच्यामागून आलेल्या जॉन्सन, इंग्लंडच्या सीगल अशा मोटारी लोक आजही खोलतात, घासतात आणि चालवून बघतात. हे लेखन मी आवडीने वाचत आलो आहे आणि या पुस्तकातल्या कामाच्या रीतीवर त्याचा ठसा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मात्र हे पुस्तक धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीत बसून लिहिले आहे. इथे जुने इंजिन म्हटले की डोळ्यांपुढे विहिरीच्या काठावरचे ऑइल इंजिन येते : किर्लोस्कर, कूपर, लिस्टरच्या घडणीची राजकोटी इंजिने, फील्डमार्शल. याच जातीच्या इंजिनांवर पिठाच्या गिरण्या पुकपुकल्या, गुऱ्हाळांचे चरक फिरले, रसवंत्या चालल्या. पण त्यांचे मुख्य काम पाणी उपसण्याचे, आणि या पुस्तकाचा विषयही तेवढाच आहे.

होडीची मोटार आणि विहिरीवरचे इंजिन यांची जात वेगळी. एक पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी, ठिणगीवर पेटणारी, बहुतेक टू-स्ट्रोक. दुसरे डिझेलवर चालणारे फोर-स्ट्रोक, ज्याला ना मॅग्नेटो ना बॅटरी. तरी एका बाबतीत दोघे सख्खे भाऊ आहेत. ज्या पाण्यात काम करायचे, त्याच पाण्यावर ती थंड राहतात. आउटबोर्ड मोटारीच्या खालच्या अंगाला छोटा पंप असतो. तो तळ्याचे पाणी वर ओढतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि परत तळ्यात सोडतो. आपल्याकडे पंपाच्या डिलिव्हरीला बारीक नळी काढून विहिरीचे पाणी इंजिनाच्या जॅकेटमध्ये सोडलेले असते. म्हणून जुन्या यंत्राचे दुखणे आधी त्याच्या पाण्यात शोधावे. समुद्रावरची मोटार मिठाने खाल्लेली असते. आमच्या विहिरी काळ्या बेसाल्टात खोदलेल्या, पाणी जड. वर्षानुवर्षे ते जॅकेटमधून फिरले की आतल्या भिंतींवर क्षारांचे पांढरे कवच चढते, पाण्याची वाट अरुंद होते, हेड तापते, गॅस्केट उडते, आणि मालक म्हणतो, इंजिन म्हातारे झाले. त्या इंजिनाचे फक्त पोट साफ करायचे असते. या पुस्तकातले पहिले तांत्रिक प्रकरण म्हणूनच पिस्टनवर नसून क्षारांवर आहे.

ही इंजिने या मुलखात आली कशी, हे थोडे सांगायला हवे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारखान्यांची गावे मात्र बाहेर : सातारा मुंबई प्रांतात आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात. जड माल यायचा तो बार्शी लाइट रेल्वेने. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी, ढोकी करत लातूरला जायची. बार्शी इंग्रजी हद्दीत, येडशी निजामाच्या. मध्ये संस्थानाची करोडगिरी, म्हणजे जकात. साताऱ्यात किंवा किर्लोस्करवाडीत तयार झालेला नांगरसुद्धा इथल्या शेतकऱ्याला परमुलखातून, जकात भरून आणावा लागे.

साताऱ्याला १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. नांगरापासून सुरुवात करून १९३० च्या दशकात तिथे डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. राजकारणातली ती कारकीर्द आज फारशी कुणाला आठवत नाही, इंजिनावरचे त्यांचे नाव मात्र शेतकऱ्यांच्या तोंडी राहिले. पुढे तो कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथला लोखंडी नांगर घरोघर गेला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिथले ‘एव्ही १’ आमच्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकच्या हाताखालून गेलेले आहे : एक सिलिंडर, ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, मिनिटाला १,५०० फेऱ्या आणि पाच अश्वशक्ती. त्याची मूळ घडण इंग्लंडच्या पेटर कंपनीच्या इंजिनाची. दुसरे घराणे लिस्टरचे. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावी १९३० च्या सुमारास निघालेले हे दोन मोठ्या चाकांचे इंजिन मिनिटाला फक्त ६०० फेऱ्या घेऊन पाच अश्वशक्ती देई. राजकोटच्या कारखानदारांनी ते इतके आपलेसे केले की इंग्लंडमध्ये त्याचे उत्पादन थांबल्यावरही राजकोटात ते निघत राहिले. ६०० फेऱ्यांच्या इंजिनाचा ठोका मोजता येतो. दोन शेते पलीकडून मालकाला कळायचे की आपल्या इंजिनावरचे ओझे हलके झाले, बहुतेक पाइपाच्या तळाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला.

त्याआधी मोट होती. दोन बैल दिवसभर धावेवर खाली-वर करायचे, मोट थारोळ्यात रिकामी व्हायची, आणि भिजायचे ते दोन-चार वाफे. इंजिन आल्यावर एका दिवसात किती रान भिजले, हे ज्यांनी पाहिले ती पिढी आता थोडी उरली आहे. त्यांच्याशी बोलताना इंजिनाचा उल्लेख घरच्या माणसासारखा येतो, आणि त्यात काही वाढवून सांगितलेले नसते. ज्या वर्षी इंजिन आले, त्या वर्षी घरात ज्वारीच्या जोडीला भाजीपाला आणि ऊस आला.

आता या पुस्तकामागचा मुख्य विचार. विहिरींच्या काठावर, गोठ्यांच्या आडोशाला, बाभळीखाली जी इंजिने आज पडून आहेत, त्यांतली बहुतेक झिजून निकामी झालेली नाहीत. त्यांचे काम त्यांच्या आवाक्याबाहेर गेले.

हे नीट समजून घेतले पाहिजे. काठावरचा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर चढवू शकतो. आमच्या बालाघाटच्या पठारावर त्याहूनही कमी. पाइपातले घर्षण, फुटव्हॉल्व्हची गळती हे धरले तर प्रत्यक्षात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. इंजिन पाच अश्वशक्तीचे असो की पन्नास, या आकड्यात फरक पडत नाही. पाणी त्याखाली गेले की इंजिनाला पाण्याजवळ न्यावे लागते. आमच्याकडे तसेच झाले. विहिरीच्या अंगाला टप्पा फोडायचा, त्यावर इंजिन उतरवायचे; पाणी आणखी खाली गेले की आणखी एक टप्पा. जुन्या विहिरींत डोकावले तर कातळात कोरलेले हे टप्पे एकाखाली एक दिसतात. त्यांच्यावरून त्या विहिरीचे पाणी कसे उतरत गेले ते वाचता येते. मग १९७२ चा दुष्काळ आला. गावोगाव वीज पोहोचली, मागून बोअर आले. पाण्यात बुडून खालून वर ढकलणाऱ्या सबमर्सिबल मोटारीला वीस फुटांची मर्यादा नाही. ती शेकडो फूट खाली जाऊन बसली आणि काठावरचे इंजिन होते तिथेच थांबले.

याचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. झिजलेले इंजिन आणि थांबलेले इंजिन यांची दुखणी वेगळी. झिजलेल्याला नवे भाग लागतात. थांबलेल्याला गंज चढलेला असतो, डिझेलचा डिंक झालेला असतो, क्षार साचलेले असतात, उंदराने सायलेन्सरमध्ये घर केलेले असते. पण बेअरिंग, क्रँक, गिअर बहुधा धड असतात. म्हणून हाताखाली आलेल्या इंजिनाचे सगळे बदलून टाकण्याची घाई करू नये. दुकानदार सांगेल, पिस्टन-लायनरचा नवा सेट टाका, नवा पंप टाका. आधी मोजा. मायक्रोमीटर लावा, डायल लावा, मग ठरवा.

जाम झालेल्या पिस्टनचे उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त नासधूस तिथेच होते. सायलेन्सरवर झाकण नसलेले इंजिन उघड्यावर राहिले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असताना थांबलेले असले, तर पावसाचे पाणी थेट पिस्टनच्या डोक्यावर येते. एक-दोन पावसाळ्यांत रिंगा लायनरला धरतात. लोक मग हँडलला चार फुटांचा पाइप घालून दोघे-तिघे लटकतात, किंवा वरून घणाचे घाव घालतात. ॲल्युमिनियमच्या पिस्टनचे डोके फुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि धड असलेले इंजिन खरोखरच भंगार होते. त्याऐवजी हेड उतरवा. लायनरचा दिसणारा भाग पॉलिश पेपरने तेल लावून साफ करा, म्हणजे पिस्टनला वर यायला वाट राहील. वरून रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे ओता आणि आठवडाभर तिकडे फिरकू नका. पातळी उतरली तर भर घाला. तेल खाली उतरू लागले, म्हणजे रिंगांच्या बाजूने वाट झाली. मग बोअरमध्ये बसेल असा बाभळीचा गोल ठोकळा तासून पिस्टनवर ठेवा आणि लाकडी मोगरीने हलके, सारखे ठोके द्या. चाकाला किंचित मागे-पुढे हलवत राहा. पिस्टन केसभर हलला की काम झाले. जो हे सोसेल त्याचा लायनर वाचेल, आणि पुष्कळदा रिंगाही.

दुसरे उदाहरण कानाचे. इंजिन सुरू होते, पण आतून ठक-ठक आवाज येतो. शिकाऊ माणूस म्हणतो, बिग-एंड गेला, आणि इंजिन पोटातून खोलतो. मुरलेला मेकॅनिक आधी चाकाजवळ जातो. फ्लायव्हील शाफ्टवर एका निमुळत्या चावीने ठोकून बसवलेले असते. ती चावी ढिली झाली की प्रत्येक स्फोटाला चाक शाफ्टवर केसभर सरकते आणि तोच ठोका ऐकू येतो. इंजिन बंद करून चावीच्या तोंडाशी बघावे. तांबूस, लोखंडी पावडरीची रेघ दिसली तर दुखणे तिथे. चावी काढून, बसती करून पुन्हा ठोकली की आवाज गेला. पण ही चावी हयगय करण्यासारखी वस्तू नाही. चालत्या इंजिनाचे निसटलेले चाक भिंत फोडून जाते.

असे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांतले बहुतेक कधी तांत्रिक शाळेत गेले नाहीत. ते कुणाच्या तरी हाताखाली पाने धुऊन शिकले. व्हॉल्व्ह लॅप करून झाला की पोर्टमध्ये रॉकेल भरून ठेवायचे आणि चहा पिऊन यायचे. सीटभोवती ओल दिसली तर पुन्हा पेस्ट घ्यायची. नोझल टेस्टिंगला लावला की धुके कसे पडते ते बघायचे आणि तो करकरतो का ते ऐकायचे. पंपाचा प्लंजर आणि बॅरल ही जोडी कधी फोडायची नाही, दोन एलिमेंटमधले चांगले-चांगले निवडून एक करायचे नाही, कारण त्या दोघांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची असते. हे सगळे या पुस्तकात त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच क्रमाने आणण्याचा प्रयत्न केला आहे. जिथे कंपनीच्या मूळ पुस्तिकेतले माप आणि मेकॅनिकचा अंदाज जुळला नाही, तिथे पुस्तिकेचे माप छापले आहे आणि मेकॅनिकचे कारणही दिले आहे. काही ठिकाणी ते कारण मला पुस्तिकेपेक्षा सबळ वाटते.

परदेशी शौकिनांशी माझा एक मतभेद आहे. त्यांच्यातल्या कडव्या मंडळींना मोटार कारखान्यातून निघाली तशी हवी असते : तोच रंग, तेच स्क्रू, तेच अक्षर. लाकडी होडीच्या शोभेला ते साजतेही. पण आमच्या इंजिनांवर शेतकऱ्याने केलेल्या दुरुस्त्या आहेत. गावच्या लोहाराने घडवलेला हँडल, ट्रकच्या पत्र्याची डिझेल टाकी, तडकलेल्या हॉपरला पितळेने दिलेला टाका. या खुणा पुसून मूळ हिरवा रंग फासणे मला पटत नाही. जी दुरुस्ती धोक्याची नाही ती राहू द्यावी. रंगाच्या आधी तेलाचा बोळा फिरवून बघावे. पुष्कळदा खाली मूळ रंग आणि कंपनीची पितळी पाटी सुखरूप असते. सॅंडपेपरने ती पाटी घासणाऱ्याला या पुस्तकाचा उपयोग नाही.

धोक्यांविषयी पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, तरी चार गोष्टी इथेच सांगतो, कारण प्रस्तावना वाचून काही जण थेट इंजिनाकडे जातील. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत घेऊ नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचते. चालू करण्याआधी पंपाची रॅक बोटाने मोकळी हलते का ते पाहावे. ती जुन्या डिझेलच्या डिंकाने पूर्ण सप्लायवर अडकलेली असेल, तर गव्हर्नर काही करू शकत नाही आणि इंजिन पळत सुटते. त्यासाठी हवेच्या तोंडावर दाबायला एक फळी हाताशी असावी. टेस्टिंगच्या वेळी नोझलच्या धुक्यात हात घालू नये, तो फवारा कातडीतून आत शिरतो. आणि विहिरीत उतरवलेले इंजिन हौसेखातरसुद्धा तिथे सुरू करू नये. त्याचा धूर खालीच साचतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वास देत नाही. अशा विहिरींत माणसे गेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलीही गेली आहेत. आधी इंजिन वर घ्यावे, मग पुढचे सगळे.

ट्रॅक्टरची इंजिने, दोन-तीन सिलिंडरचे संच, रॉकेलवर चालणारे छोटे पंपसेट यांना इथे जागा दिलेली नाही. कोकणातल्या मच्छीमारांच्या होड्यांवरची इंजिने हा विषय तर स्वतंत्र पुस्तकाचा आहे आणि तो किनाऱ्यावरच्याच माणसाने लिहावा.

दुरुस्त झालेले इंजिन ठेवायचे कुठे, करायचे काय, असे मला हमखास विचारतात. माझे उत्तर असे की त्याला पाणी उपसू द्यावे. चांगल्या पावसानंतर, भाद्रपद-अश्विनात, आमच्या विहिरींचे पाणी अजूनही वीस फुटांच्या आत येते. तेवढे दिवस इंजिनाच्या आवाक्यातले आहेत. वीज नसलेल्या रात्री पाण्याची एखादी पाळी त्याच्यावर निघते. परदेशात जुनी स्थिर इंजिने जत्रांतून नुसती फिरवून दाखवतात. ओझ्याशिवाय फार वेळ फिरवलेले डिझेल इंजिन कार्बन धरते, हे तिथल्या जाणकारांनाही ठाऊक आहे. डिलिव्हरीतून पाणी पडू लागले म्हणजे दुरुस्ती पुरी झाली असे या पुस्तकात मानले आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या विहिरीवरचे, गिरणीतले किंवा भावकीच्या पडीक गोठ्यातले इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी त्याच्या पितळी पाटीवरचा नंबर, अश्वशक्ती आणि फेऱ्या एका वहीत उतरवून घ्या. ते कोणत्या साली, कुठून आणि किती रुपयांना आणले, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. ते शेवटचे कुणी दुरुस्त केले होते, तेही विचारा, आणि तो मेकॅनिक हयात असेल तर त्याला घेऊन या. हेड खोलायच्या आत त्याला एकदा चाक हाताने फिरवून बघू द्या.